वर्गाबाहेर काढलेलं मूल परत येतं तेव्हा: मुख्याध्यापकांना खुलं पत्र

सर्व मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि शाळा चालवणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी गेली २१ वर्षं आठवी-नववीला गणित शिकवते. या काळात वर्गात उलट उत्तरं ऐकली, पाठीमागून केलेल्या नकला ऐकल्या, फळ्याकडे वळलं की सुरू होणारं हसणं ऐकलं. काही मुलांना वर्गाबाहेर काढलं. त्यातली काही तुमच्याकडे पाठवली. हे पत्र त्यांच्या परत येण्याबद्दल आहे.

तुमच्याकडून मूल दोन तऱ्हांनी परत येतं. कधी रडून लाल झालेले डोळे, हातात माफीनामा आणि सोबत शिपाई. "मॅडम, सरांनी सही करायला सांगितलीय." आणि कधी दहाच मिनिटांत मूल हसत हसत दारात उभं राहतं, बाकावर बसता बसता शेजाऱ्याला डोळा मारतं, आणि मधल्या सुट्टीत तुम्ही मला म्हणता, "जाऊ द्या मॅडम, लहान आहे, मी समजावलंय त्याला." तुमच्या लेखी दोन्ही वेळा प्रकरण मिटलेलं असतं. माझ्यात आणि त्या मुलात जे घडलं ते मात्र वर्गात तसंच पडून राहतं, आणि उरलेलं वर्षभर आम्ही दोघं त्याला वळसा घालून चालतो.

माझी मागणी एकच आहे. ज्या शिक्षकाशी मूल उद्धटपणे वागलं, त्या शिक्षकाशी त्याचं शांतपणे बोलणं झाल्यावरच ते त्या तासाला परत बसावं. आणि त्या बोलण्यासाठी लागणारी १५ मिनिटं आम्हा दोघांना काढून देणं हे तुमचं काम आहे.

हे मी कशावरून म्हणते ते सांगते.

नोकरीचं सातवं-आठवं वर्ष असेल. आठवीचा वर्ग, मधल्या सुट्टीनंतरचा तास, फळ्यावर समीकरणं. मागच्या बाकावरचा एक मुलगा डोकं टेकून पडला होता. मी दोनदा नाव घेतलं. तिसऱ्यांदा म्हटलं, "झोपायचं असेल तर घरी जा. इथे आलायस तर उठून हे सोडव." तो उठला नाही. नुसतं डोकं वर केलं आणि म्हणाला, "तुम्हाला तरी येतं का? कालचं पण चुकलंच होतं तुमचं." आधी एक जण फिसकन हसला, मग सगळा वर्ग. माझे कान तापले. हातातल्या खडूचे दोन तुकडे झाले होते, ते मला नंतर दिसलं. मी दाराकडे बोट दाखवलं. जाताना त्याने दाराला लाथ मारली.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला त्याला आणलं गेलं. वर्गासमोर उभं राहून त्याने कागद वाचला. वहीच्या मधोमध असतं तसलं पान, पिनांच्या भोकांपाशी फाटलेलं. "मी काल मॅडमना उद्धट बोललो. ही माझी चूक आहे. मी पुन्हा असे करणार नाही. तसे केल्यास शाळा देईल ती शिक्षा मला मान्य राहील." शेवटचं वाक्य १३ वर्षांच्या मुलाचं नव्हतं. "राहील" म्हणताना त्याचा आवाज फाटला. या वेळी कोणी हसलं नाही. मी कागदावर सही केली. सही करताना मला बरं वाटत होतं, हे मी लपवणार नाही.

तीन-चार आठवड्यांनी वह्या तपासत होते. त्याची वही उघडली तर त्या आदल्या दिवसाचं गणित समोर आलं. फळ्यावरून जसंच्या तसं उतरवलेलं, माझ्या चुकीसकट. वजाच्या जागी मी अधिक लिहून गेले होते. त्या चिन्हाभोवती पेन्सिलीने बारीक गोल केला होता आणि खाली तेच गणित बरोबर सोडवलं होतं. अख्ख्या वर्गात ती चूक एकट्या त्याला दिसली होती. बाकीच्या सगळ्यांनी चुकीचं उत्तर निमूट उतरवून घेतलं होतं.

त्या माफीनाम्यात त्याचा उद्धटपणा होता. माझं चुकलेलं चिन्ह त्यात नव्हतं. "झोपायचं असेल तर घरी जा" हे माझं वाक्यही नव्हतं. वर्ष संपेपर्यंत तो माझ्या तासाला एक शब्द बोलला नाही. प्रश्न विचारला की उभा राहायचा, जमिनीकडे बघायचा, मी "बस" म्हटलं की बसायचा. कागदोपत्री तो सुधारला होता. वहीतला तो गोल बघितल्यावर मी त्याला एकदा थांबवून बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. इतके दिवस उलटून गेल्यावर विषय काढायचा कसा, हे मला सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर धीरही झाला नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोणी आम्हाला समोरासमोर बसवलं असतं तर त्याला हे सांगता आलं असतं आणि मला ऐकावं लागलं असतं.

आता कोणी म्हणेल, म्हणजे मुलांचं उद्धट बोलणं खपवून घ्यायचं? मुळीच नाही. चाळीस मुलांसमोर आपल्या तोंडावर कोणी वेडंवाकडं बोललं की काय होतं, ते वर्गावर उभं राहिलेल्यालाच कळतं. पुढचा तास दुसऱ्या वर्गावर असतो, तिथे हसऱ्या चेहऱ्याने जावं लागतं, आणि डोक्यात तेच वाक्य फिरत राहतं. घरी गेल्यावरही फिरतं. माझ्या ओळखीच्या दोन चांगल्या शिक्षिकांनी नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांत हा पेशा सोडला. दोघींनाही अपमानापेक्षा नंतरचा एकटेपणा सोसवला नाही. म्हणूनच मी हे प्रकरण केबिनमध्ये परस्पर मिटवू नका म्हणते. दुखावलं गेलेलं माणूस बाजूला ठेवून समेट होत नसतो.

रुडॉल्फ ड्रायकर्स नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. मूळचे व्हिएन्नाचे, आल्फ्रेड आडलर यांच्या परंपरेतले, पुढे शिकागोत स्थायिक झालेले. मूल वाकडं वागतं तेव्हा त्यामागे चारपैकी एक हेतू असतो, असं ते मांडत: लक्ष वेधणं, आपलंच चालवणं, सूड उगवणं, किंवा 'मला काही जमत नाही, माझा नाद सोडा' हे दाखवणं. सगळी मुलं या चार कप्प्यांत बसतात असं मला वाटत नाही. पण त्यांची एक सूचना मला फार उपयोगी पडली आहे. हेतू ओळखायचा असेल तर मुलाकडे बघण्याआधी स्वतःला काय वाटतंय ते बघा. नुसता वैताग आला असेल तर मुलाला बहुधा लक्ष हवं आहे. आव्हान दिल्यासारखं वाटलं तर तो वर्चस्वाचा झगडा आहे. मनाला लागलं असेल तर ते मूल सूड घेतंय, म्हणजे आधी त्याला कुठेतरी लागलं आहे. आणि 'याच्यापुढे हात टेकले' असं वाटलं तर मुलानेच आधी हात टेकलेले आहेत. त्या समीकरणांच्या तासाला मला लागलं होतं, अगदी आतवर. हे तेव्हा ठाऊक असतं तर आधी त्याला काय लागलं हा प्रश्न मला पडला असता, आणि उत्तर फार लांब नव्हतं. माझ्याच आधीच्या वाक्यात होतं.

तुमच्याकडून आम्हाला मिळणारा नेहमीचा सल्ला म्हणजे "जरा कडक व्हा, आवाज चढवा, वर्ग आपोआप आवरेल." या सल्ल्याबद्दल थोडं बोलायला हवं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन एकदा शिकवत असताना एक विद्यार्थी वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्यांनी त्याला झापलं. त्यांच्या लक्षात आलं की ज्यांना एक शब्दही बोललेला नव्हता, तेही विद्यार्थी गप्प होऊन माना खाली घालून बसले. एकाला बोललेलं सगळ्या वर्गात कसं पसरतं, या कुतूहलातून त्यांनी पुढे अनेक वर्षं वर्गांचा अभ्यास केला आणि १९७० मध्ये निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. गंमत अशी की ज्या गोष्टीपासून त्यांनी सुरुवात केली तिलाच फारसं वजन निघालं नाही. मूल चुकल्यावर शिक्षक कसा दटावतो, यावरून चांगला चालणारा वर्ग आणि विस्कटलेला वर्ग वेगळा ओळखता येईना. फरक पडत होता तो आधीच्या गोष्टींनी: वर्गाच्या कोपऱ्याकोपऱ्यात काय चाललंय हे शिक्षकाला कळत असणं आणि मुलांनाही ते जाणवणं, एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देता येणं, तास न अडखळता पुढे सरकत राहणं.

तेव्हा आवाज चढवण्याचा सल्ला नव्या शिक्षकाला कृपा करून देऊ नका. त्यापेक्षा जुन्या शिक्षकाच्या वर्गात मागे बसून दोन तास बघायला पाठवा. आमच्यातले बरेच जण हे एकमेकांकडे बघूनच शिकले.

आणि प्रसंग घडलाच तर त्या क्षणी काय करायचं? थोडक्यात सांगते, कारण सांगायला सोपं आणि करायला फार कठीण आहे. गेल्या वर्षी नववीच्या वर्गात एका मुलीकडे गृहपाठाची वही मागितली. ती जागेवरून आली, वही टेबलावर आपटली आणि म्हणाली, "घ्या, बघा काय बघायचं ते." पट्टी खाली पडली. वर्ग एकदम चिडीचूप, सगळे डोळे माझ्यावर. मी पट्टी उचलली, तिच्या जवळ गेले आणि फक्त तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "वही मिळाली. आपण तासानंतर बोलू." आणि फळ्याकडे वळले. त्या दहा पावलांत वाटत होतं की आपण हरलो, आता हा वर्ग हातातून गेला. तसं झालं नाही. दोन गणितं झाली, वह्या उघडल्या गेल्या, तास संपला.

तासानंतर ती थांबली. मी विचारलं, "काय झालं?" बराच वेळ तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला आणि सोडला. मग म्हणाली, "परवा तुम्ही सगळ्यांसमोर माझे मार्क वाचलेत." मी सगळ्यांचेच वाचले होते. सर्वांत कमी तिचे होते. मी म्हटलं की यापुढे मी कोणाचेही मार्क मोठ्याने वाचणार नाही, आणि मग हेही म्हटलं की तू वही आपटलीस तेव्हा मला सगळ्या वर्गासमोर अपमान झाल्यासारखं वाटलं. तिने मान वर करून बघितलं. शिक्षकाचा अपमान होऊ शकतो हे तिच्या ध्यानीमनीही नसावं. म्हणाली, "मला फक्त वही द्यायची नव्हती." मग थोड्या वेळाने म्हणाली, "सॉरी." हा शब्द तिला कोणी सांगितला नव्हता. दुसऱ्या दिवशी वही टेबलावर होती, बाकीच्या वह्यांच्या गठ्ठ्यात.

या सगळ्याला १२ मिनिटं लागली. पुढच्या वर्गावर मी तेवढीच उशिरा पोचले, आणि त्याबद्दल माझ्या नावापुढे उशिराचा शेरा पडला.

तो शेरा मला अजून सलतो. मुलीला केबिनमध्ये पाठवलं असतं तर शाळेने शिपाई दिला असता, कागद दिला असता, पालकांना फोन लावला असता. मी स्वतः बोलत बसले तर ती माझी कुचराई ठरली. शाळेचं वेळापत्रक शिक्षेसाठी जागा करून देतं, बोलण्यासाठी देत नाही. हे तुम्ही बदलू शकता. आम्ही नाही.

शिस्त म्हणजे क्षमा नाहीच, पहिल्या चुकीलाच कडक शिक्षा, हे धोरण अनेक देशांनी करून पाहिलं आहे. अमेरिकेत ते जोरात राबवलं गेलं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या कार्यगटाने त्याबद्दलचं उपलब्ध संशोधन तपासलं आणि २००८ मध्ये जे प्रसिद्ध केलं त्याचं सार असं की अशा धोरणाने शाळा जास्त सुरक्षित किंवा शिस्तबद्ध झाल्याचं दिसत नाही. याउलट २०१६ मध्ये जेसन ओकोनोफुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला जवळचा वाटतो, कारण त्यात आमच्यासारखे गणिताचेच शिक्षक होते. ५ शाळा, ३१ शिक्षक, १,६०० हून अधिक मुलं. काही शिक्षकांना दोन बैठकांत मिळून तास-सव्वा तासाचं ऑनलाइन साहित्य दिलं गेलं. त्यात मुलांची बाजू ऐकून घेणं, शिस्त लावतानाही नातं टिकवणं, असा विषय होता. त्या शिक्षकांकडे शिकणाऱ्या मुलांत वर्षभरात निलंबित झालेल्यांचं प्रमाण ४.८ टक्के होतं, इतर मुलांत ९.६ टक्के. आणि आधी निलंबन भोगलेल्या मुलांना आपल्या शिक्षकांकडून जास्त आदर मिळतोय असं वाटू लागलं. निम्म्यावर आलेल्या आकड्यापेक्षा मला ही शेवटची गोष्ट मोठी वाटते.

समोरासमोर बसण्याची मी जी मागणी करते आहे ती माझ्या डोक्यातून निघालेली नाही. न्यूझीलंडने १९८९ मध्ये मुलांच्या गुन्ह्यांसाठी कुटुंबासह एकत्र बसून तोडगा काढण्याची पद्धत कायद्यात आणली. तिच्या मुळाशी माओरी समाजाचा आग्रह होता. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ती शाळेत वापरली गेली. अशा बैठकीत विचारायचे प्रश्न अगदी साधे असतात. काय झालं? त्या वेळी तुझ्या मनात काय होतं? कोणाला त्रास झाला, कसा? आता ते सावरायला काय करता येईल? "का केलंस?" हा आपला आवडता प्रश्न त्यात नाही. मी इतकी वर्षं तो विचारत आले, आणि मुलांकडून "असंच" याखेरीज फारसं काही ऐकलेलं नाही.

यात जादू नाही, हेही सांगितलं पाहिजे. पिट्सबर्गमधल्या शाळांमध्ये अशा पद्धतीचा मोठा प्रयोग झाला आणि रँड या संस्थेने २०१८ मध्ये त्याचा अहवाल दिला. निलंबनाचे दिवस कमी झाले, शिक्षकांना शाळेचं वातावरण सुधारल्यासारखं वाटलं, पण सहावी ते आठवीच्या मुलांचा अभ्यासातला निकाल खालावला. त्यामुळे कोणी तुम्हाला रंगीत फलक आणि तयार कार्यक्रम विकायला आलं तर सावध राहा. मी कार्यक्रम मागत नाही. दोन माणसांसाठी एक रिकामी खोली आणि थोडा वेळ मागते.

काही प्रसंग यात बसत नाहीत. मूल अंगावर धावून आलं, धमकी दिली, अश्लील बोललं, तर आधी शिक्षकाची आणि वर्गाची सुरक्षितता. तिथे शाळेने तातडीने आणि ठामपणे उभं राहायलाच हवं. शिक्षकाची तयारी नसताना त्याला त्या मुलासमोर बसवू नये.

बाकी रोजच्या प्रसंगांत मला तुमच्याकडून हे हवं आहे. मी मुलाला तुमच्याकडे पाठवलं तर त्याला शांत होऊ द्या, पाणी द्या, बसवा. निवाडा करू नका, कारण तुम्ही तिथे नव्हता. त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी माझ्या एका तासावर कोणाला तरी पाठवा, म्हणजे मला त्या मुलाशी बोलता येईल. कधी तुम्ही स्वतः या. मुख्याध्यापक अर्धा तास आठवीला गणित घेतायत, हे मुलांनाही बघू द्या. मला मदत लागली तर आमच्यासोबत बसा, पण आधी ऐका. पालकांना बोलवायचं असेल तर आमचं बोलणं झाल्यावर बोलवा, आणि मीही तिथे असेन असं बघा. पुष्कळ मुलांना घरी फोन गेल्याची शिक्षा घरीच भोगावी लागते आणि ती आपल्याला दिसत नाही.

वर्गासमोर माफीनामा वाचून घेणं मात्र आजपासून बंद करा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं २८ वं कलम सांगतं की शाळेतली शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेला धरून असावी. फाटलेल्या पानावरचं दुसऱ्याने सांगितलेलं वाक्य चाळीस जणांसमोर वाचायला लावणं त्यात कुठेच बसत नाही. मी अशा एका कागदावर सही केली आहे, म्हणून हे इतकं आग्रहाने सांगते.

आणखी एक. मूल बाहेर पाठवणाऱ्या शिक्षकाच्या नावापुढे 'वर्ग आवरता येत नाही' असं मनात किंवा कागदावर लिहून ठेवू नका. तुम्ही तसं लिहिता हे आम्हाला माहीत असतं. म्हणून नवे शिक्षक काही सांगतच नाहीत. स्टाफरूममध्ये हसून वेळ मारून नेतात, आणि मग एक दिवस त्यांचा हात उठतो किंवा ते राजीनामा देतात. मागच्या आठवड्यात एक नवी शिक्षिका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "नववीचा तास असला की सकाळपासून पोटात गोळा येतो. सरांना सांगू नका." मी सांगितलेलं नाही. तिने ते स्वतः तुम्हाला सांगावं आणि तुम्ही खुर्ची पुढे करून "बसा, काय झालं ते सांगा" म्हणावं, एवढं झालं तरी पुष्कळ होईल.

तुमच्यावर निकालाचं, कागदांचं, पालकांचं किती दडपण असतं ते मी जवळून बघते. तरीही मागते आहे. उद्या एखादं मूल तुमच्या केबिनबाहेर भिंतीला टेकून उभं दिसलं, तर शिपायाला कोरा कागद आणायला पाठवू नका. माझ्या वर्गावर पाठवा आणि मॅडम किती वाजता मोकळ्या आहेत ते विचारून घ्या.

आपली,
आठवी-नववीला गणित शिकवणारी एक शिक्षिका